बेसवाल्याच्या घरातून

मैत्रिणींनो, गणपती, नवरात्र, मग गावोगावच्या यात्रा आणि लग्नसराई. तुमच्याही गावात ऑर्केस्ट्रा येत असेलच. सतरंजीवर जागा धरून, मुलांना मांडीवर घेऊन तुम्ही तो ऐकतही असाल. गाणारीने कोणती साडी नेसली होती हे आपल्या लक्षात राहते, निवेदकाचे विनोद लक्षात राहतात. पण मागे, ड्रमवाल्याच्या शेजारी, लांब मानेची गिटार घेऊन एक माणूस निमूटपणे उभा असतो, तो आठवतो का? नाही ना? तेच आमचे हे!

हे दिवसा सांगलीत हळदीच्या पेढीवर हिशेब लिहितात आणि सुपारी असेल त्या रात्री बेस गिटार वाजवतात. मी दुपारच्या शाळेत तासिका तत्त्वावर मराठी आणि इतिहास शिकवते. लग्न होऊन आले तेव्हा गिटार म्हणजे गिटार, एवढेच मला ठाऊक होते. सासूबाई तर अजून म्हणतात, “इतरांच्या गिटारीला सहा तारा, ह्याच्या गिटारीला चारच. मग किंमत जास्त कशी?”

त्याचे उत्तर असे की या तारा जाड असतात आणि साध्या गिटारीपेक्षा एक सप्तक खाली बोलतात. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. तिची वाजणारी लांबी बहुधा ३४ इंच, म्हणून मान एवढी लांब. पूर्वी हे काम माणसाएवढ्या उंच, उभ्या डबल बेसवर चाले. १९५१ साली अमेरिकेतल्या लिओ फेंडर यांनी खांद्याला अडकवता येईल अशी विजेवरची बेस गिटार बाजारात आणली आणि वादकांचे ओझे हलके झाले. आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांना टोनी वाझ यांच्या बेसने केवढा डौल दिला! आमटीत मीठ कोणी पाहत नाही. नसले की मात्र सगळे पानावरून मान वर करतात. बेसचे तसेच आहे. आणि खरे सांगू, घरातल्या बाईच्या कामाचेही तसेच आहे, म्हणून असेल कदाचित, मला हे वाद्य लवकर आवडू लागले.

पण आवड वेगळी आणि संसार वेगळा. कार्यक्रमाची बिदागी कधी हातात पडेल याचा नेम नसतो आणि सामानाला तर अंतच नाही. म्हणून आमच्याकडे एक नियम आहे. प्रत्येक बिदागीतला पाचवा हिस्सा एका वेगळ्या डब्यात पडतो. तारा, वायरी, दुरुस्ती, नवे सामान, सगळे त्या डब्यातून. किराण्याच्या आणि फीच्या पैशांना हात नाही. डबा रिकामा असेल तर खरेदी पुढच्या महिन्यात. यावर आमची भांडणे जवळजवळ संपली, हे मी अनुभवाने सांगते.

खरेदीचा क्रमही ठरलेला असावा. नवशिक्या मुलाला आईवडील आधी मोठा ॲम्प्लिफायर घेऊन देतात, ते उलटे आहे. आधी आहे तेच वाद्य जाणत्या माणसाकडून नीट लावून घ्यावे. मानेत एक लोखंडी गज असतो, तो थोडा फिरवून मानेचा बाक साधतात. तारांची उंची ठीक करतात. आमच्या शेजारी मिरजेत सतारी आणि तंबोरे करणारी घरे पिढ्यान् पिढ्या आहेत. त्यांच्याकडे पाहूनच मला कळले, की तारेचे वाद्य लाकडाच्या मर्जीवर चालते. पावसाळ्यात लाकूड फुगते, मान हलते. म्हणून गिटार ओल्या भिंतीला टेकवू नये. पिशवीत ओल शोषणाऱ्या पुड्या टाकाव्या. वाद्य नीट लागल्यावर दोन चांगल्या वायरी, मग डीआय बॉक्स आणि सगळ्यात शेवटी ॲम्प्लिफायर.

डीआय बॉक्स म्हणजे डब्याएवढी लहानशी पेटी. गिटारीचा नाजूक संदेश ती अशा रूपात पाठवते, की लांबच्या वायरीतूनही तो खरखर न होता मिक्सरपर्यंत पोचतो. बहुतेक मंडपांत आता मोठे स्पीकर असतातच, त्यामुळे ही पेटी जवळ असली तर स्वतःचा जड ॲम्प्लिफायर न नेताही भागते. कंबर वाचते आणि टेंपोचे भाडेही वाचते! ॲम्प्लिफायर न्यायचाच तर हल्ली ‘क्लास डी’ जातीचे, दोन-तीन किलो वजनाचे मिळतात. मात्र त्याला स्पीकरच्या पेट्या जोडताना मागे लिहिलेले ओहम वाचावेत. आठ ओहमच्या दोन पेट्या नेहमीप्रमाणे समांतर जोडल्या की चार ओहम होतात. चारच्या दोन जोडल्या की दोनच उरतात. ॲम्प्लिफायरवर किमान चार लिहिले असेल तर त्याला ते झेपत नाही, तो तापतो आणि जळतो. आणि पेटीला स्पीकरचीच वायर हवी, गिटारची नव्हे; दोन्ही बाहेरून सारख्या दिसतात म्हणून आमच्याकडे स्पीकरच्या वायरीला लाल दोरा बांधला आहे.

आता जरा स्वयंपाकघरात या! बेसच्या तारांचा संच महाग. घाम आणि मळ तारेच्या वेटोळ्यांत बसला की आवाज मेल्यासारखा येतो. त्यावर वादकांचा जुना उपाय म्हणजे तारा उकळणे. तारा सैल करून काढाव्या, सैलसर गुंडाळून उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवाव्या. लगेच कोरड्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवाव्या, नाहीतर गंज धरतो. टोकांना रंगीत रेशीम असेल तर ते मी पाण्याबाहेर ठेवते. पातेले मात्र वेगळेच असावे, त्यात पुन्हा स्वयंपाक नको. वर मुलामा दिलेल्या तारांना हा उपाय करू नये. शिवाय उकळलेल्या तारा काही कार्यक्रमांपुरत्याच खणखणीत राहतात आणि वारंवार काढघाल केली तर तुटतात, तेव्हा दोनदा उकळून झाल्या की मी नव्या आणायला सांगते. त्यापेक्षा सोपी गोष्ट म्हणजे वाजवून झाले की लगेच तारा पुसणे. माझ्या जुन्या सुती ओढणीचे चार तुकडे त्यासाठीच पिशवीत असतात.

ती पिशवी मी स्वतः भरते. तारांचा एक जादा संच, दोन जादा वायरी, ट्यूनर, पाने आणि स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, चिकटपट्टी, योग्य क्षमतेचे फ्यूज आणि नऊ व्होल्टची नवी बॅटरी. फ्यूजच्या जागी तार गुंडाळणारे लोक मी पाहिले आहेत. ते घर जाळायचे धंदे. बॅटरी लागते ती ‘ॲक्टिव्ह’ म्हणतात त्या गिटारीला. वायर खोचलेली राहिली की ती आतल्या आत चालू राहते आणि बॅटरी संपते. म्हणून रात्री कितीही वाजता घरी आले तरी वायर काढूनच गिटार ठेवायची. आणि वाद्याचा क्रमांक वहीत लिहून, फोटो काढून ठेवा. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ साली हॅम्बुर्गला घेतलेली बेस गिटार १९७२ साली लंडनमध्ये गाडीतून चोरीला गेली. ती परत मिळाल्याचे २०२४ साली जाहीर झाले. एवढ्या मोठ्या माणसाला पन्नासहून अधिक वर्षे लागली, तर आपले काय! गाडीत वाद्य ठेवून चहाला जाऊ नये.

पुराचे तर काय सांगू. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आमच्या गल्लीत आली. गिटार माळ्यावर होती म्हणून वाचली, स्पीकरची पेटी पाण्यात राहिली. पाणी ओसरल्यावर शेजारचा मुलगा म्हणाला, “वहिनी, चालू करून बघूया का?” ह्यांनी त्याचा हात धरला. भिजलेले विजेचे सामान वाळले असे वाटले, तरी जाणत्या मेकॅनिकने उघडून पाहिल्याशिवाय प्लग लावायचा नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरे तर हे लिहायला बसले, ती सांगते. तीन वर्षांपूर्वी एका गावी गणपतीत कार्यक्रम होता. मी आणि मुलगी बरोबर गेलो होतो. संध्याकाळपासून भुरभुर चालू, स्टेजवरची सतरंजी ओली. आवाज तपासताना हे माइकवर बोलायला वाकले आणि एकदम मागे हटले. ओठाला झटका बसला होता. का, ते नीट समजून घ्या. गिटारीच्या तारा आतून ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. माइक मिक्सरला जोडलेला. दोहोंपैकी एकाचे अर्थिंग तुटले असेल आणि तिथे वीज उतरली असेल, तर हात तारेवर आणि ओठ माइकवर टेकताच मधला माणूसच वायर बनतो. पाहिले तर मिक्सरच्या एक्स्टेंशन बोर्डाच्या प्लगची जाड, लांब पिन कोणीतरी तोडून टाकलेली. का, तर म्हणे स्पीकरमधून घूंऽ असा आवाज येत होता!

ह्यांनी गिटार खाली ठेवली. “अर्थिंग नीट होईपर्यंत वाजवणार नाही,” म्हणाले. कार्यकर्ते जमले. “काय वहिनी, एवढ्याशा झटक्याने काय होतंय? पब्लिक बसलंय, सांगा की जरा दादांना.” ऑर्केस्ट्राचे मालकही माझ्याकडेच पाहू लागले. बिदागी जाणार हे मला दिसत होते. त्या महिन्यात मुलीची फी भरायची होती. मी म्हटले, “दादा, कार्यक्रम तासभर उशिरा झाला तर लोक थांबतील. माणूस गेला तर मी कुणाकडे बघू?” शेवटी गावातला वायरमन आला, प्लग बदलला, सगळे एका बोर्डावर घेतले आणि सव्वा तासाने कार्यक्रम सुरू झाला. बिदागी कापूनच मिळाली आणि त्या मंडळाने पुन्हा बोलावले नाही. आम्हाला त्याचे दुःख नाही. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी इथे लेस हार्वी नावाचा गिटारवादक असाच स्टेजवर, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून, प्रेक्षकांदेखत गेला. वय अवघे सत्तावीस.

तेव्हापासून आमच्या पिशवीत एक टेस्टर आणि स्वतःचा बोर्ड असतो. त्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला आहे. वीज अंगातून जमिनीकडे जाऊ लागली तर तो क्षणात पुरवठा तोडतो. माइकला तोंड लावण्यापूर्वी त्याच्या जाळीला टेस्टर लावून पाहायचा. दिवा लागला तर वाजवणे बंद. टेस्टर लागला नाही म्हणून बेफिकीर राहायचे नाही, प्लगच्या पिनाही डोळ्यांनी पाहायच्या. घूं आवाजावर उपाय हवा तर डीआय बॉक्सवर ‘ग्राउंड लिफ्ट’चा खटका असतो, तो फक्त आवाजाच्या वायरीची जोडणी सोडवतो. प्लगची पिन कधीही तोडायची नाही.

दुसरा धोका सावकाश येतो. कार्यक्रमाहून आल्यावर ह्यांच्या कानात रात्रभर शिटी वाजायची. मुलगी बोलली की “काय?” म्हणून पुन्हा विचारायचे. मला वाटे, दमलेत. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, की बारीक, उंच आवाज ऐकण्याची शक्ती थोडी कमी झाली आहे आणि गेलेली परत येत नाही. हिशेब असा असतो: ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसतो, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे! स्टेजवर ते तीन तास उभे असतात. कापसाच्या बोळ्याने भागत नाही. वादकांसाठी वेगळे इअर प्लग मिळतात, त्यांतून सूर ऐकू येतात पण जोर कमी होतो. आता ते घातल्याशिवाय हे उभे राहत नाहीत. आणि बायांनो, लहान मुलांना स्पीकरच्या पुढ्यात बसवू नका हो. जागा चांगली म्हणून आपण पुढे सरकतो, पण ती जागा चांगली नसते.

आता आमच्या मुलीने हट्ट धरला आहे, की मलाही बेस शिकायची. शेजारणी म्हणतात, मुलीने कसली ती मोठी गिटार उचलायची. मी त्यांना सांगते, अमेरिकेत कॅरोल के नावाच्या बाईंनी मुलेबाळे सांभाळून १९६० नंतरच्या दशकात शेकडो गाण्यांना बेस वाजवला. १९६३ च्या सुमारास रेकॉर्डिंगला बेसवाला आला नाही म्हणून त्यांनी तो हाती घेतला होता. आपल्या मुंबईची मोहिनी डे तर वडिलांकडे शिकली आणि ए. आर. रहमान यांच्यासोबत वाजवू लागली. लहान हातांसाठी ३० इंचांची आखूड बेसही मिळते. डब्यात त्यासाठी पैसे साठू लागले आहेत.

सासूबाईंना विचारले तर त्या म्हणाल्या, “शिकू दे की. पण आधी तिला तो टेस्टर धरायला शिकव.”