भांड्यावरचं नाव

आमच्या आत्याच्या मांडणीवर पितळेचा एक डबा आहे. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी माझ्या आजीचं नाव घातलंय, त्याखाली गावाचं. हा डबा दोनदा वाटणीत गेला आणि एकदा भावकीतल्या लग्नात हरवला. आठ दिवसांनी कुणीतरी तो घरी आणून दिला, कारण त्यावर नाव होतं. फोटो ठेवायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं असं कुणी विचारलं की मला आधी तो डबा आठवतो.

माझा कराडला स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो आणि गेली काही वर्षं लोकांचे जुने फोटो स्कॅन करून देणं, ही माझी कामं. लग्नाच्या फोटोंसाठी आमच्या धंद्यात बहुतेकांचं फोल्डरवरच भागतं. फोल्डरला नवरा-नवरीचं नाव, आत ‘सिलेक्शन’, ‘फायनल’, ‘फायनल २’, आणि अल्बम गेला की हार्ड डिस्क कपाटात. गिऱ्हाईक लग्नाची तारीख सांगतच येतं, त्यामुळे फोटो सापडतो. जुन्या फोटोंना तारीखही नसते आणि नावही नसतं. ते कुणाच्या तरी डोक्यात असतं, आणि ते डोकं बहुधा ऐंशीच्या पुढचं असतं.

हे मला माझ्याच घरात उमगलं. पाटण तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरचे चारएकशे फोटो एका पत्र्याच्या ट्रंकेत होते. मुंबईला गिरणीत असलेल्या चुलत्यांनी एक बॉक्स कॅमेरा आणला होता. एका रोलवर बारा फोटो निघायचे, म्हणून ते जपून काढलेले. २०१२ च्या दिवाळीत मी ते सगळे स्कॅन केले आणि आत्याला शेजारी बसवलं. तीन दुपारी ती स्क्रीनवर बोट ठेवून सांगत होती आणि मी चेहऱ्याभोवती चौकोन काढून नाव लिहीत होतो. ही आक्का, ही आक्काची जाव, हा खालच्या आळीचा ज्ञानू, हा त्याचा बैल. सॉफ्टवेअर स्कॅनरबरोबर आलेल्या सीडीवरचं होतं. नाव लिहिलं की चौकोनाखाली लगेच दिसायचं, त्यामुळे ते फोटोतच लिहिलं गेलंय असं मी धरून चाललो.

तीन वर्षांनी तो कॉम्प्युटर गेला. फोटो बाहेरच्या डिस्कवर होते, एकही हरवला नाही. नव्या मशीनवर उघडले आणि सगळे मुके. नावं त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या वहीत होती, वही जुन्या मशीनच्या पोटात कुठल्याशा फोल्डरमध्ये होती, आणि तिची प्रत मी घेतली नव्हती. फोटोची फाइल जशी स्कॅनरमधून निघाली होती, तशीच कोरी राहिली होती.

मी पुन्हा आत्याकडे गेलो. ती म्हणाली, “तवा सांगितलं हुतं की रं तुला. लिवलं न्हाईस?” पुन्हा बसली, चष्मा पुसून. या वेळी काही चेहऱ्यांवर तिचं बोट थांबायचं. लुगड्याची किनार ओळखायची, अंगणातला दगडी रांजण ओळखायची, बाईचं नाव मात्र ओठांवर येऊन परत जायचं. तीन वर्षांपूर्वी हीच नावं तिनं मागेपुढे न बघता सांगितली होती. त्यातली तीसएक नावं गेली.

त्यानंतर सॉफ्टवेअर बघताना मी पहिला प्रश्न एकच विचारतो: लिहिलेलं नाव कुठे जातं? फोटोच्या फाइलमध्ये चित्राबरोबर मजकूर ठेवायलाही जागा असते. कॅमेरा आपली माहिती एक्झिफमध्ये लिहितो: कधी काढला, कुठल्या लेन्सनं. वृत्तसंस्थांनी फोटोखालच्या ओळी आणि श्रेय लिहिण्यासाठी रुळवलेली आयपीटीसीची पद्धत आहे. आणि २००१ मध्ये अडोबीनं आणलेलं एक्सएमपी आहे, ज्यात आज नावं, विषय, चेहऱ्यांचे चौकोन असं बहुतेक सगळं मावतं. तिथं लिहिलेलं नाव त्या डब्यावरच्या नावासारखं फाइलबरोबर फिरतं. सॉफ्टवेअरच्या वहीतलं नाव दुकानदाराच्या चोपडीत असतं. दुकान आहे तोवर ते आहे.

आणि दुकानं बंद होतात. ॲपलनं २०१४ मध्ये ॲपर्चरचं काम थांबवलं. गुगलनं २०१६ मध्ये पिकासा बंद केलं. दोन्ही चांगली होती, दोन्हींवर लोकांनी वर्षानुवर्षं मेहनत केली होती. म्हणून सॉफ्टवेअर घेताना मी ते सोडण्याचा दिवस आधी डोळ्यांपुढे आणतो.

वहीला मी नावं ठेवत नाही. हजारो फोटोंत ‘आक्का’ शोधायची तर प्रत्येक फाइल उघडून बघणं परवडत नाही, डेटाबेस लागतोच. लग्नाच्या कामाला मी लाइटरूम क्लासिक वापरतो, त्याचा कॅटलॉग म्हणजे अशी वहीच आहे. तिथं मजकूर फाइलमध्ये आपोआप लिहायचं सेटिंग स्वतः चालू करावं लागतं, किंवा फोटो निवडून कंट्रोल-एस दाबावं लागतं, हे माझ्या ओळखीच्या कितीतरी फोटोग्राफरांना ठाऊक नाही. घरच्या फोटोंसाठी मी शेवटी डिजीकॅमवर थांबलो. ते मोफत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि त्यात विषयांच्या फांद्या पाडता येतात. त्यालाही वही आहे, पण सेटिंगमध्ये सांगून ठेवलं की ते नावं फाइलमध्येही घालतं. एकदा मी मुद्दाम त्याचा डेटाबेस बाजूला काढून ठेवला आणि फोटो नव्यानं वाचायला लावले. तासाभरात नावं, चौकोन, गावं परत आली. भांडी बघून वही पुन्हा लिहिता आली. त्या दिवशी मी निर्धास्त झोपलो.

अशी परीक्षा कुणालाही घेता येते. चार फोटो घ्यायचे, त्यांवर नावं लिहायची, सॉफ्टवेअर बंद करायचं आणि तेच फोटो दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचे. मी परीक्षेला कृष्णाबाई, ज्ञानू, श्रीपती आणि आक्का ही नावं वापरतो. जोडाक्षरं आली की मराठीची खरी कसोटी लागते. काही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. आमच्या धंद्यात युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये लिहिलेलं तर विचारूच नका. एका गिऱ्हाइकानं आजोबांच्या पन्नास फोटोंखालच्या ओळी कुणाकडून तरी तशा फॉन्टात टाइप करून घेतल्या होत्या. फॉन्ट नसलेल्या मशीनवर ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रास दिसत होती.

पण मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो बायकांच्या नावांना. चेहरे ओळखणारं सॉफ्टवेअर धरून चालतं की एका माणसाला एक नाव असतं. आमच्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहितात. माहेरच्या फोटोतली इंदू सासरच्या फोटोत लक्ष्मी होते, पुढे आक्का होते आणि नातवंडांत मोठी आई. मी आधी प्रत्येकीला सासरचं नाव देऊन टाकलं होतं. आत्यानं एका फोटोत परकरी पोर दाखवली आणि म्हणाली, “आरं, ही तवा लक्षुमी कुठं हुती? तवा ही इंदीच.” तिचं बरोबर होतं. आता माहेरचं नाव आणि गाव, सासरचं नाव आणि गाव, आणि घरात ज्या नावानं हाक मारत ते नाव, अशी तिन्ही मी त्या बाईच्या फांदीखाली लिहितो. कुठलंही नाव शोधलं तरी ती सापडते. आणखी एक: डोक्यावरून पदर आणि मान खाली असली की सॉफ्टवेअरला तिथं चेहरा आहे हेच कळत नाही. तो चौकोन हातानंच काढावा लागतो. आमच्या त्या ट्रंकेत असे चौकोन फार आहेत.

तारखांचंही तसंच. स्कॅन केलेल्या फोटोवर स्कॅन केल्याची तारीख पडते, त्यामुळे साठ सालच्या आसपासची वरात २०१२ च्या गणपतीशेजारी जाऊन बसते. ती हातानं बदलावी लागते, आणि तिथं नेमका दिवस मागतात. आत्याकडे दिवस नाहीत. ती भिंत दाखवते. “हा सोपा भूकंपात पडला. मग फोटू त्याच्या आधीचाच की.” म्हणजे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या आधीचा. मी तारखेच्या रकान्यात १ जानेवारी १९६७ घालतो आणि ओळींत लिहितो, ‘कोयनेच्या भूकंपाआधी, साल नक्की नाही, आत्यानं भिंतीवरून सांगितलं’. कुणी सांगितलं हे लिहायचं मी चुकवत नाही. फोटोची मागची बाजूही स्कॅन करतो. तिथं पेन्सिलीचं एखादं अक्षर असतं, स्टुडिओचा शिक्का असतो.

गिऱ्हाइकांना पेन ड्राइव्ह देताना मी एक गोष्ट बजावून सांगतो. व्हॉट्सॲपवर हे फोटो नेहमीसारखे पाठवले तर आत लिहिलेलं सगळं गळून पडतं. पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फाइल आहे तशी जाते. पुण्याच्या चुलत बहिणीला मी तसाच एक फोटो पाठवला. तिनं तो आपल्या लॅपटॉपवर उघडला आणि मला फोन करून विचारलं, “दादा, माझ्या आईचं माहेरचं नाव चंद्रा होतं? आम्हाला कुणी सांगितलंच नाही.”

माझ्या यादीत ‘विचारायचं’ नावाची एक फांदी आहे. तिच्यात आज अठ्ठावीस फोटो आहेत. आत्याच्या हातून सुटलेले चेहरे तिथंच आहेत. ढेबेवाडीला आत्याची मामेबहीण असते, वयानं तिच्याहून मोठी, आणि तिला अजून सगळं आठवतं असं आत्याचं म्हणणं आहे. रविवारी आम्ही दोघं जातोय. आत्या म्हणाली, सकाळचंच जाऊ, दुपारी तिला डुलकी लागते.