‘गलोर’ची कुळकथा

शब्दांचा खल पानें मांडल्यावर करावयाचा, अशी आमच्या घरीं वडिलांच्या वेळेपासूनची रीत आहे. परवां पुतण्यानें वर्तमानपत्रांतील आंब्यांची एक जाहिरात वाचून दाखविली. तींत ‘मँगोज गलोर’ असे शब्द होते. रेलचेल हा अर्थ त्यास ठाऊक होता. पण हें विशेषण नामाच्या नंतर कां, हा त्याचा प्रश्न.

प्रश्न मार्मिक खरा. इंग्रजी विशेषण बहुधा नामाच्या आधीं येतें. ‘गलोर’ मात्र नामानंतरच बसतो. कॉम्प्टन मॅकेंझी यांच्या १९४७ सालच्या विनोदी कादंबरीचें नांवही ‘व्हिस्की गलोर’ असेंच आहे. १९४१ सालीं स्कॉटलंडच्या एरिस्के बेटाजवळ ‘पॉलिटिशियन’ नांवाचें जहाज खडकावर आदळलें. त्यावर व्हिस्कीच्या हजारों पेट्या होत्या, आणि हातीं लागतील तेवढ्या बेटकऱ्यांनीं लांबविल्या; त्यावरून ही कादंबरी सुचली. (उदाहरण सोंवळ्यांतलें नव्हे हें कबूल, पण शब्दास सोंवळें कोठलें?)

नामानंतर बसण्याची ही सवय शब्दानें माहेराहून आणिली आहे. सतराव्या शतकांत तो इंग्रजींत आला, तो आयर्लंडच्या भाषेंतून. तेथें ‘ल्योर’ म्हणजे पुरेसें आणि ‘गो ल्योर’ म्हणजे पुरेल इतकें. आणि तो नामानंतरही येतो. मूळ भाषेंतही पुरेसें आणि पुष्कळ हे दोन्ही अर्थ त्यांत नांदतात. इंग्रजांनीं पुष्कळ तेवढें घेतलें, पुरेसें तेथेंच ठेविलें. १८४५ पासून बटाट्याचें पीक कुजत गेलें आणि त्याच आयर्लंडांत चारपांच वर्षांत सुमारें दहा लक्ष माणसें उपासमारीनें व रोगराईनें दगावलीं. त्या दिवसांतही तेथून धान्य इंग्लंडांत जातच होतें. हें आठवलें म्हणजे तो मागें राहिलेला अर्थ मनास फार लागतो.

“पण काका, पुरेसें आणि पुष्कळ एकाच शब्दांत कसें मावेल?” पुतण्या म्हणाला.

आम्ही त्यास आपलीच भाषा दाखविली. पुरे, पुरेसें, भरपूर, नदीचा पूर, पोळींतलें पुरण, सारीं एकाच धातूचीं लेकरें. इंग्रजी ‘प्लेंटी’ हा देखील आपल्या ‘पूर्ण’चा दूरचा भाऊबंदच. पण हें सांगत असतां आमचें लक्ष व्याकरणावर नव्हतें.

आमच्या लहानपणीं घरांत चौदा पानें होत, आणि आई शेवटीं बसे. “तुला राहिलें का ग?” असें विचारलें कीं ती तपेल्यावरचें झांकण न उचलतांच म्हणे, “भरपूर आहे.” एकदां ती ताट घ्यावयास वळली असतां तें झांकण आम्ही उचललें. तळाशीं खरवड होती, तीही एका घांसाची. कोणास कांहीं बोललों नाहीं. दुसऱ्या दिवशीं ती भात दुसऱ्यांदा वाढूं लागली तेव्हां पानावर हात आडवा धरून “पुरे” म्हटलें. तिनें क्षणभर आमच्याकडे पाहिलें, हात बाजूस सारला आणि वाढलाच.