आमच्या शाखा आहेत

पुण्यातल्या एखाद्या दुकानावर ‘आमची कुठेही शाखा नाही’ ही पाटी दिसली की मला त्या मालकाचा हेवा वाटतो. मी सांभाळतो त्या पायथन लायब्ररीच्या तीन शाखा आहेत. नवं काम चालतं ती मेन, आणि गिऱ्हाइकं सोडायला तयार नाहीत अशा दोन जुन्या, म्हणजे स्टेबल. मेनवर बग दुरुस्त झाला की तेवढीच कमिट चेरी-पिक करून स्टेबलवर उतरवायची. बाकी तिथे कशाला हात लावायचा नाही.

पॅकेज बांधायचं टूल बदललं की मात्र हे गणित फिसकटतं. 2000 सालापासून पायथनसोबत येणारं डिस्टयूटिल्स 2023च्या ऑक्टोबरात आलेल्या 3.12 मधून काढून टाकलं गेलं. आमच्यातला फोर्ट्रानचा भाग न्यूमपायच्या डिस्टयूटिल्सवर बांधला जायचा. तोही रस्ता 3.12 वर बंद. मग मेनवर मेसॉन हे नवं टूल आणलं आणि स्टेबलवर सेटअप डॉट पाय तशीच ठेवली. निर्णय बरोबर होता, आजही तेच करीन. चुकलो ते पुढे.

एका दुरुस्तीत नवी जेसन फाइल आली होती. मेसॉनमध्ये अशा फाइलचं नाव मेसॉन डॉट बिल्डमध्ये लिहावं लागतं, ते मेनवर लिहिलेलं होतं. चेरी-पिक करताना गिट अडलं: मेसॉन डॉट बिल्ड तुमच्या शाखेत नाहीच. बरोबरच आहे, नाहीच, म्हणून मी ती उडवली आणि पुढे गेलो. त्या फाइलमधली एक ओळ सेटअप डॉट पायमध्ये उतरवायची होती, हे डोक्यातच आलं नाही. टेस्ट सगळ्या हिरव्या, कारण त्या सोर्सच्या फोल्डरात चालायच्या आणि तिथे जेसन होतीच. व्हीलमध्ये नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी स्टेबलची 2.4.7 पायपीआयवर चढवली, सोमवारी सकाळी फोन: “अहो, फाइल सापडत नाही म्हणतंय.”

पायपीआयवर एकदा चढलेलं नाव पुन्हा वापरता येत नाही, फाइल पुसली तरी. 2.4.7 यँक केली, 2.4.8 काढली. आता टेस्ट चालतात त्या व्हील रिकाम्या फोल्डरात इन्स्टॉल करूनच. शिवाय व्हील म्हणजे शेवटी झिपच. ती उघडून आतल्या फाइलींची यादी मागच्या आवृत्तीच्या यादीशी ताडून बघतो. जे कमी झालं त्याचा जाब द्यायचा.

आणखी एक दुखणं. कोणी सोर्समधून बांधायला घेतलं की पिप वेगळं वातावरण उभारून त्यात ताजं सेटअपटूल्स आणतं. म्हणजे आपण वर्षभर बोट न लावलेली शाखाही एका सकाळी मोडलेली मिळते. म्हणून स्टेबलवर सेटअपटूल्स 60च्या आतलं बांधून टाकलंय.

स्टेबलवर टूल बदलावंच लागलं तर? न्यूमपायला लागलं. 2.0 तयार व्हायची होती आणि 3.12 दारात. त्यांनी 1.25 चाच धागा पुढे नेला, त्यात मेसॉन घातलं, पण आवृत्तीला 1.26 असा नवा आकडा दिला. 1.25 च्या शेपटीला आणखी एक पॅच म्हणून ते खपवलं नाही, हे मला फार आवडलं.

आमची 2.3 ही आधीची स्टेबल शाखा गेल्या मार्चमध्ये बंद केली. शेवटच्या कमिटपर्यंत तिच्यात सेटअप डॉट पायच होती. परवा एका गिऱ्हाइकाचा मेल आलाय, अजून एवढी एकच दुरुस्ती मिळेल का म्हणून.