तिरप्या उजेडातल्या रेघा

क्रीमच्या चाचणीतल्या मावशी तीन महिन्यांनी फोटोसाठी दुसऱ्या खेपेला आल्या आणि उजव्या डोळ्याच्या कडेच्या सुरकुत्यांची लांबी आधीपेक्षा जास्त भरली. क्रीम तर त्या नेमाने लावत होत्या. मी आकडा बाजूला ठेवला आणि फोटोच मोठा करून पाहिला.

फोटोत आम्ही मोजतो ती सुरकुतीची सावली. दिवा समोरून टाकला तर चर उजेडाने भरून जातात, साठीचं कपाळही गुळगुळीत दिसतं. तोच दिवा कडेला, खालच्या कोनात नेला की तिशीतल्या गालावर रेघा उठतात. भिंगापुढची पोलरायझरची काच दिव्यावरच्या काचेला आडवी फिरवली की कातडीची चकाकी जाते, आतले डाग आणि लाली दिसू लागते, बारीक सुरकुत्या मात्र जवळजवळ पुसल्या जातात. म्हणून आमच्या खोलीत दिव्यांच्या स्टँडच्या पायांशी जमिनीवर चिकटपट्ट्या आहेत, डोळ्यांच्या डॉक्टरकडे असतो तसा हनुवटीचा आधार आहे, आणि तोंड धुतल्यावर वीस मिनिटं निवांत बसावं लागतं. पावडर तर मुळीच नको. ती चरांत बसते.

फोटोतल्या रेघा शोधायला मी संगणकावर फ्रांजी फिल्टर वापरते. तो 1998 साली मांडला गेला रक्तवाहिन्यांसाठी. लांबट, अरुंद आणि शेजारपाजारपेक्षा काळं, इतकंच मी त्याला शोधायला सांगते. मावशींच्या कानामागून सुटलेले दोन केस गालावर आले होते, तेही त्याने सुरकुत्यांत धरले. पांढरे असते तर सोडले असते.

केस वगळले, तरी लांबी जास्तच. मग दोन्ही खेपांचे फोटो शेजारी लावले. डोळे दोन्हींत मिटलेले. पहिल्यात ओठ घट्ट, यंत्राला बिचकलेले. दुसऱ्यात ओठांचे कोपरे किंचित वर, आणि गाल उचलला गेल्याने डोळ्याच्या कडेला घड्या. आता त्या मला ओळखत होत्या.

चेहऱ्याला नुसता एक आकडा चिकटवणं मला म्हणूनच पटत नाही. त्याच माणसाच्या, त्याच उजेडातल्या, तितक्याच सैल चेहऱ्याशी ताडून पाहिला तर त्याला काही अर्थ.

"मावशी, चेहरा अगदी सैल सोडा."

"सोडलाय की गं!"

सांगितलं की हसू आणखीच यायचं. तीन फोटो टाकून दिले. चौथ्या वेळी मी काही बोललेच नाही. त्यांचा श्वास संथ होईपर्यंत थांबले. गाल हळूच खाली उतरला, तेव्हा बटण दाबलं. लांबी पहिल्या खेपेइतकीच भरली, आणि तशीच मी ती वहीत लिहिली.