गाडी पाहणारे

आगगाडी पाहायला जाणे ही गोष्ट आपल्याकडे लहान मुलांच्या खाती जमा आहे. प्रौढ माणसाने डोंगरावर जाऊन कॅमेरा रोखून तासन् तास बसावे आणि ज्या गाडीने कोठे जायचेही नाही तिची वाट पाहावी, हे ऐकल्यावर लोक प्रथम हसतात आणि मग काळजीने चौकशी करतात. आम्ही दोघे, व्यवसायाने साहित्याचे अध्यापक, गेली अनेक वर्षे बोरघाटात हा उद्योग करीत आलो आहोत. त्याचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही. मात्र या छंदाने 'पाहणे' या क्रियेविषयी जे प्रश्न आमच्यापुढे टाकले ते वाङ्मयाच्या वाचकांना परके वाटू नयेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

कर्जत ते लोणावळा हे अंतर अवघे 28 किलोमीटर. पण तेवढ्यात गाडीला साडेपाचशे मीटरहून अधिक उंची गाठावी लागते. रेल्वेच्या हिशेबात येथील तीव्र चढ '37 ला 1', म्हणजे 37 फूट पुढे जाताना 1 फूट वर. पायी चालणाऱ्याला हा चढ जाणवणारही नाही. लोखंडी रुळावरच्या लोखंडी चाकाला मात्र तो फार मोठा असतो. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात. त्यांना 'बँकर' म्हणतात. ती गाडीला लोणावळ्यापर्यंत ढकलत नेतात आणि तेथे सुटी होतात. प्रवाशाला मात्र कर्जतचा थांबा वडे खाण्यासाठीच ठेवला आहे असे वाटत असते!

कड्यावरून पाहताना गाडी आधी ऐकू येते. पावसाळ्यात तर दरीत धुके भरलेले असते आणि भोंगा नेमका कोणत्या बोगद्यातून आला हे कळत नाही. धुके क्षणभर विरते, एका बोगद्यातून इंजिन बाहेर पडते, चार-सहा डबे वळण घेतात आणि इंजिन पुढच्या बोगद्यात शिरते. संपूर्ण गाडी एका चौकटीत क्वचितच मिळते. शेवटी बँकर येतात तोपर्यंत बहुतेकांनी कॅमेरे खाली घेतलेले असतात. ज्याच्या बळावर गाडी चढते ते छायाचित्रात सहसा नसते, ही या घाटाची एक रीतच म्हणावी लागेल.

ती रीत जुनी आहे. या मार्गाचे काम 1856 मध्ये सुरू झाले आणि 1863 मध्ये तो वाहतुकीस खुला झाला. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांचे नाव इतिहासात राहिले. कामाच्या ऐन भरात, 1861 च्या सुमारास, चाळीस हजारांहून अधिक मजूर येथे राबत होते. पटकी, हिवताप आणि सुरुंगांचे अपघात यांत त्यांतील हजारो दगावले. त्यांची नावे कोठे नाहीत. लोकस्मृतीने मात्र आपली सोय केली: घाटाची वाट इंग्रजांना दाखवणारा धनगर शिंग्रोबा दंतकथेत राहिला आणि जुन्या रस्त्यावर त्याचे देऊळही झाले.

या इतिहासातील एका व्यक्तीने आम्हांला विशेष खिळवून ठेवले आहे. पहिल्या कंत्राटदाराने 1859 मध्ये काम सोडल्यावर सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि त्याच वर्षी, आल्यानंतर थोड्याच दिवसांत, मरण पावला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट सोडले नाही. व्यवस्थापक नेमून तिने काम पुढे नेले आणि त्याच कामाची छायाचित्रेही काढली. त्या काळच्या काचेच्या निगेटिव्हवर प्रतिमा उमटायला काही सेकंद लागत. डोंगर, कमानी, भराव स्थिर उमटत आणि हलणारा माणूस धूसर होई. राबणारा माणूस पुसट आणि त्याचे काम ठळक, हा निवाडा तंत्रानेच देऊन टाकलेला होता.

आता आमच्यातील एका वादाविषयी. काही वर्षांपूर्वी आम्हांला एक छायाचित्र लाभले: ढगांतून वाट काढत पुलावर आलेली गाडी आणि खाली डाव्या कोपऱ्यात, रुळांपासून बाजूला सरलेला, रेनकोट घातलेला गँगमन. एका दिनदर्शिकेसाठी ते निवडले गेले. अट एकच, कोपऱ्यातील माणूस कापावा. त्याच्यामुळे 'नजर विचलित होते'. आम्ही नकार दिला आणि छायाचित्र परत आले.

नकार दोघांचा, पण कारणे एक नव्हती. आमच्यापैकी एकाचे म्हणणे, माणूस कापणे म्हणजे घाटाचा इतिहास पुन्हा एकदा कापणे. दुसऱ्याला हे फार सोपे वाटले. त्याचे म्हणणे असे की, त्या माणसाला आपण विचारलेले नाही. त्याला चौकटीत ठेवून आपण आपल्याच सहृदयतेचे छायाचित्र काढतो. दलित आणि ग्रामीण साहित्य वाचणाऱ्या मध्यमवर्गीय वाचकाविषयी वर्गात आम्हीच हा आक्षेप कितीदा मांडला आहे!

वाद मिटला नाही, पण तो माणूस काय करत होता याकडे आमचे लक्ष वळले. छायाचित्र मोठे करून पाहिले तर त्याची मान खाली, चाकांकडे वळलेली दिसते. गाडी जाताना बाजूला उभे राहून ती निरखणे हा गँगमनच्या कामाचाच भाग असतो. काही लोंबते आहे का, कोठे ठिणग्या किंवा धूर दिसतो आहे का, हे तो पाहतो. म्हणजे त्या क्षणी घाटात गाडी पाहणारे आम्ही दोघेच नव्हतो. आम्ही सौंदर्य शोधत होतो, तो दोष शोधत होता. आमची नजर चुकली असती तर एक छायाचित्र गेले असते. त्याची चुकली तर काय जाते हे या घाटात सांगायला नको. 1867 च्या पावसाळ्यात येथील एक कमानींचा पूल ढासळला होता आणि 2019 च्या पावसाने मार्गाचे असे नुकसान केले की कित्येक गाड्या रद्द कराव्या लागल्या.

रसिक आणि समीक्षक यांच्या नजरांविषयी आपण पुष्कळ बोलतो. पण जबाबदारीने पाहणे ही तिसरी गोष्ट आहे, आणि ती बहुधा कोपऱ्यात उभी असते. अ‍ॅलिस ट्रेडवेलपाशी कदाचित दोन्ही नजरा असाव्यात: ज्या कमानीची चौकट ती साधत होती, ती कमान टिकण्याचे उत्तरदायित्वही तिचेच होते. आम्हांला तो योग नाही. त्या छायाचित्राला आम्ही पूर्वी 'धुक्यातील गाडी' म्हणत असू. आता त्याखाली 'गाडी पाहणारा' एवढेच लिहिले आहे. विद्यार्थ्यांना ते दाखवतो तेव्हा बहुतेक जण विचारतात, "सर, पाहणारा कुठे आहे?" आम्ही उत्तर देत नाही, थोडा वेळ देतो.