थापटण्याखालचं वय

जानेवारी 2020. धाराशिव तेव्हा कागदोपत्री उस्मानाबाद होतं. 93वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथं भरलं आणि 1942 साली जन्मलेले दोघे एका मंचावर आले. उद्घाटक पळसखेड्याचे कवी ना. धों. महानोर, अध्यक्ष वसईजवळच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. एकाने आयुष्यभर रान सांभाळलं, दुसऱ्याने वेदी. एक ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष होणार म्हणून आधी बराच गदारोळ झाला होता. महानोरांनाही जाऊ नका असं सांगून झालं होतं. दिब्रिटोंची पाठ तर साथच देत नव्हती. तरी दोघे आले.

संमेलननगरीला नाव होतं संत गोरोबाकाकांचं. काकांचं तेर इथून जवळच, तेरणेच्या काठी. संतमंडळीत वडीलकीचा मान त्यांचा. मुक्ताबाईने सांगितलं म्हणून या कुंभाराने हातात मडकी ठोकायचं थापटणं घेतलं आणि जमलेल्या एकेका संताच्या डोक्यावर मारून पाहिलं. बाकीच्यांनी मुकाट सोसलं. नामदेव तेवढे रागावले. मडकं कच्चं आहे, असा काकांचा निवाडा झाला.

ही गोष्ट आपण तरुणपणी ऐकतो तेव्हा ती नामदेवांची वाटते. साठी ओलांडली की ती आपली होते. कारण थापटणं आता रोज पडतं. गुडघ्यावर पडतं, नजरेवर पडतं, बरोबरीच्या माणसांच्या जाण्याने पडतं. केस पिकले म्हणून माणूस पिकतोच असं नाही. आवाज कसा निघतो, त्यावर ठरतं.

कुंभाराचं घर बायबलातही आहे. यिर्मया संदेष्ट्याला देव तिथं पाठवतो. चाकावरचं भांडं बिघडतं. कुंभार ती माती फेकत नाही, तिचंच दुसरं भांडं घडवतो. तेरचा कुंभार पक्केपणा तपासतो आणि यिर्मयाचा कुंभार ओल तपासतो. म्हातारपणाला दोन्ही लागतं. दुःख झेलताना पक्कं असावं आणि देवाच्या हाताखाली अजून ओलं. नुसतं पक्कं राहिलेलं वय हेकट होतं. आमच्या वेळी असं नव्हतं, एवढंच त्याला म्हणता येतं.

दिब्रिटोंचं उत्तरायुष्य ओलं राहिलं. बायबल सोप्या मराठीत आणायला त्यांनी वर्षानुवर्षं दिली आणि साठी उलटल्यावर ‘सुबोध बायबल’ वाचकांच्या हाती आलं. वसईची हिरवाई राखायला ते रस्त्यावर उतरले. तुकोबा-ज्ञानोबांशी त्यांचं नातं येशूवरच्या श्रद्धेइतकंच घरचं होतं. श्रद्धेने भीती संपते असं मात्र नाही. म्हातारपणी मला टाकू नकोस, अशी विनवणी स्तोत्रसंहितेतही आहेच. तिथला भक्त भितो, आणि त्याच दमात लहानपणापासून सांभाळलंस म्हणून देवाची स्तुतीही करतो.

भीती आणि स्तुती एकत्र कशा नांदतात, ते धाराशिव जिल्ह्याला विचारावं. संमेलनाच्या पंधरवडाभर आधीच इथली येळवस झाली होती. मार्गशीर्ष अमावास्येला गावंच्या गावं रानात जातात; कडब्याच्या खोपीत पांडव मांडून पूजा होते; भज्जी, आंबील, उंडे. ज्याला शेत नाही त्यालाही हाक मारून पंगतीला बसवतात. ज्वारी मात्र अजून उभीच असते. रास पडायची असते, भाव कळायचा असतो, आणि पावसाचा भरवसा या मुलखाला कधीच नव्हता. तरी काळ्या आईचे आभार आधी मानून होतात.

महानोर 2023 मध्ये गेले, दिब्रिटो 2024 मध्ये. वय वाढतं तशी माणसं आयुष्याचा हिशेब मांडू लागतात आणि जमेची बाजू भरली तरच कृतज्ञ व्हायचं म्हणतात. तो हिशेब कुणाचाच पुरता जुळत नाही. श्रद्धा एवढंच शिकवते की तो जुळायची वाट न पाहता आभार मानावेत, आणि हाती उरलेलं काम सोडू नये.