शंभरातील चार

सावेडीच्या भिस्तबाग चौकात किंवा प्रोफेसर कॉलनीच्या कट्ट्यावर चार माणसे जमली, की अलीकडे एक वाक्य हमखास कानी पडते : "आता बायकाही मागे राहिल्या नाहीत!" चोरांच्या टोळीत दोन स्त्रिया सापडल्या, एखादी नववधू दागिन्यांसह पसार झाली, की या वाक्याला पुन्हा धार चढते. ते ऐकताना आमच्या मनात प्रश्न उभा राहतो, की यात सत्य किती आणि भय किती?

भयाला आधार नाही, असे आम्ही म्हणणार नाही. १९९६ साली अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित यांच्या कृत्यांनी महाराष्ट्र हादरला. लहान मुले पळवायची, चोरी करताना त्यांना ढालीसारखे पुढे करायचे आणि ओझे झाली की संपवायचे, असा तो क्रम होता. अंजनाबाई कोठडीतच वारली. २००१ मध्ये कोल्हापूरच्या न्यायालयाने दोघी बहिणींना फाशी सुनावली, ती २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम झाली आणि दयेच्या अर्जाला लागलेल्या विलंबामुळे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिचे जन्मठेपेत रूपांतर केले. त्या काळी हरेगावच्या यात्रेत आपल्या आयाबहिणी मुलांचे बोट क्षणभरही सोडत नसत, हे आम्हांला स्मरते.

परंतु एका भीषण प्रकरणावरून साऱ्या स्त्रीजातीचा कल ठरविता येतो काय? देशातील कारागृहांत २०१५ च्या अखेरीस ४,१९,६२३ बंदी होते. त्यांत स्त्रिया १७,८३४. २०२२ च्या अखेरीस बंदी ५,७३,२२० झाले आणि स्त्रिया २३,७७२. म्हणजे सात वर्षांत स्त्रियांची संख्या सुमारे एक तृतीयांशाने वाढली खरी. पण पुरुषांची वाढ त्याहून किंचित अधिकच होती. शंभर बंद्यांमागे स्त्रिया तेव्हाही चार होत्या आणि आजही चारच आहेत. कायदा ज्यांना विधिसंघर्षग्रस्त बालके म्हणतो, त्यांत मुलींचे प्रमाण तर याहूनही अल्प. त्या सात वर्षांत तुरुंग भरत गेले, हे खरे; बायका पुरुषांना गाठू लागल्या आहेत, हे मात्र आकडे सांगत नाहीत.

मग आपल्याला त्या अधिक का दिसतात? पुरुषाने चोरी केली तर ती चोरी ठरते. स्त्रीने केली तर ती बातमी होते. हा दुजाभाव जुनाच आहे. १८८१ साली सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल प्रथम फाशीची शिक्षा झाली. पुढे ती सौम्य करण्यात आली. वर्तमानपत्रांनी तेव्हा समस्त स्त्रियांच्या नीतीचे वाभाडे काढले. त्या संतापातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याआधीच, १८६३ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. तेथे विधवेला गुप्तपणे बाळंत होता येई. स्त्रीला दोष देऊन थांबण्यापेक्षा गुन्ह्याची वाटच बंद करण्याचा तो मार्ग होता.

आमच्या परिचयाची एक बाई सावेडीतच धुणीभांडी करते. एका घरातील दागिना हरवला आणि संशय तिच्यावर आला. जामीन मंजूर झाला, पण जामीनदार मिळेना. नवरा त्या काळात फिरकलाही नाही. दोन महिने ती कच्ची कैदी होती. धाकटी मुलगी शेजारणीने सांभाळली. चार वर्षांनी न्यायालयाने तिला निर्दोष सोडले. ज्या गल्लीत तिची चार कामे होती, तेथे आज एकही नाही. "सुटली म्हणजे निर्दोष असेलच असे नाही," असे एका सुशिक्षित गृहिणीने आम्हांला समजावून सांगितले! न्यायालयाचा निकाल लागला. गल्लीचा निकाल मात्र अटकेच्याच दिवशी लागला होता.

हे दृश्य केवळ सावेडीचे नव्हे. २०२२ च्या अखेरीस देशातील दर चार बंद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते. त्याच वेळी १,५३७ स्त्रियांसोबत त्यांची १,७६४ मुले तुरुंगात वाढत होती. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानुसार मूल सहा वर्षांचे होईपर्यंत आईजवळ राहू शकते. त्यानंतर त्याने कोणाचे बोट धरावे?

वाचकहो, आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांना येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. १९८७ च्या कायद्यानुसार प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे तिच्या वतीने आपणही अर्ज नेऊ शकतो. तिच्या मुलांची शाळा चालू ठेवणे आपल्या हातात आहे. आणि निर्दोष सुटून आलेली बाई काम मागायला दाराशी आली, तर तिला आत बोलावणे हेही आपल्याच हातात आहे.